बॉनेटवरचा हात

अप्पांच्या पिशवीत तीन वस्तू कायम असत. विभूतीची डबी, जुन्या रेडिओच्या भोंग्यातून काढलेला वाटोळा चुंबक, आणि तो गुंडाळायला आक्कांच्या लुगड्याचा मऊ तुकडा. विभूती स्वतःच्या कपाळाला, चुंबक लोकांच्या गाड्यांना. तुकडा कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"दुसऱ्याच्या गाडीचा रंग खरचटू न्हाई म्हणून," ते म्हणाले. "रंग खोटा असंल. पर त्याचा हाय ना."

अप्पा म्हणजे लातुरातले माझे घरमालक आणि आक्का म्हणजे त्यांच्या मंडळी. कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं, मग ती जीप असो, टेम्पो असो की मागं हौदा असलेली पिकअप, की आधी अप्पांना न्यायला यायचं. अप्पा मेकॅनिक नव्हते. त्यांच्या भावाचं गंजात, म्हणजे बाजारपेठेत, किराणा दुकान होतं आणि अप्पांनीही तिथंच गादीवर बसावं असं घरच्यांचं म्हणणं होतं. पण तूर आणि उडीद चिवडत बसण्यात त्यांचा जीव रमेना. तरुणपणीच त्यांनी दुकान भावाला सोडलं, एक पिकअप घेतली आणि उमेदीची सगळी वर्षं लातूर ते माहूर फेऱ्या केल्या. जाताना रेणुकादेवीची माणसं, येताना मिळेल तो माल. माहूरचा चढ चढताना गाडी जे बोलते ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, असं ते मला मुद्दाम ऐकवत. कारण मी पुस्तकवाला होतो.

मी बी.एस्सी. झालो होतो. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. तेव्हा तर सांगायचोच. आजोबा अंगठा, वडील अंगठा, आणि माझी इंग्रजीतून सही. फिजिक्स घेऊन पास झालेला आमच्या गावातला मी पहिला माणूस. इंजिनात पिस्टन कसा वरखाली होतो त्याची आकृती मी डोळे मिटून काढत असे. भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून मला नावानं हाक मारली नाही. "ये बीयस्सी" म्हणायचे. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग वाळायचा होता. कालपर्यंत गुरं बांधत त्या जागी साहेबांच्या जीपगाड्या उभ्या राहायला लागल्या. कॉलेजं वाढली, वसतिगृहं वाढली. आणि त्याच वर्षांत पावसानं पाठ फिरवलेली. आमचं गाव चाकूरच्या बाजूला. तिथं विहिरीत वाकून बघितलं की आपलं तोंड दिसायचं नाही, तळाचा दगड दिसायचा. म्हणजे शहर वाढून राहिलं होतं आणि शिवार वाळून राहिलं होतं. मला त्यातच एक वाट दिसली. नांदेडकडं गोदावरीच्या काठानं अजून भाजीपाला होता आणि लातुरात खाणारी तोंडं वाढलेली. एका वसतिगृहाच्या मेसवाल्याशी मी बोलून आलो. तो म्हणाला, "जूनला पोरं येतील. त्याच्या आत स्वतःची गाडी माझ्या दारात उभी करून दाखवा. भाड्याच्या गाडीचा भरवसा मी धरत नाही. नाही जमलं तर दुसरा माणूस आहे."

मला गाडी हवी होती ती दादासाठी. दादा, माझा थोरला भाऊ, माझ्यासाठी सातवीतून शाळा सोडून दुसऱ्याच्या ट्रकवर गेला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. मालक त्याला 'ए ड्रायव्हर' म्हणायचा. डिग्रीचा कागद हातात आला त्याच दिवशी मी ठरवलं होतं, की दादाला स्वतःच्या स्टेअरिंगवर बसवायचं. त्यामुळं जूनच्या आत एक चांगली जुनी पिकअप मिळणं हा माझ्यापुरता मोठा प्रश्न होता. आणि तो मी अप्पांच्या हातात दिला.

अप्पांच्या हातात काही देणं म्हणजे काय, हे आधी सांगितलं पाहिजे.

त्यांच्या भावाच्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव जीपमधून आला. वाजंत्री चालू, करवल्या ओवाळायला पुढं, आणि अप्पा दिसेनात. ते जीपखाली होते. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, आणि पाय तेवढे बाहेर. बाहेर आले ते नीट मुलीच्या बापाकडं गेले आणि म्हणाले, "जावई कसा हाय ते मला ठावं न्हाई. पर जीपला ब्रेक न्हाईत. पोरीला हिच्यातून पाठवू नका." व्याही रुसले, मानापमान झाला, जीपचा मालक हमरीतुमरीवर आला. शेवटी नवरानवरी एस.टी.नं गेली. अप्पांना त्याचं काहीच वाटलं नाही. आक्कांना वाटलं, कारण धोतराचे डाग निघाले नाहीत.

गाडी बघायला जाताना त्यांचे नियम असत. पहिला नियम पाण्याचा. विकणाऱ्याच्या दारात गाडी बघून होईपर्यंत चहा तर सोडाच, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. "ज्याचं पाणी पिलं त्याच्या गाडीला नावं ठेवायला जीभ उचलत न्हाई," ते म्हणत. त्या दिवसांत कुणी तांब्याभर पाणी पुढं करणं म्हणजे केवढी गोष्ट होती. नको म्हणताना माझाच जीव कसनुसा व्हायचा. अप्पा लिंगायतांच्या रीतीनं हात जोडून "शरणार्थ" म्हणायचे आणि तांब्या परत करायचे.

दुसरा नियम: गाडी थंड पाहिजे. ते उन्हं वर यायच्या आत पोचत आणि काहीही बोलायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवत. देवळात नंदीच्या पाठीवर ठेवावा तसा, बेतानं. थंड लागलं तर पुढचं बोलणं. रात्रभर निजलेली गाडी सकाळी कशी उठते, किती खोकते, कुठल्या रंगाचा धूर काढते, त्यावर त्यांचा सगळा हिशेब. आधीच चालू करून गरम केलेली गाडी कुणाच्याही हातानं सुरू होते. "ज्यानं आधी गरम करून ठेवली, त्यानं काहीतरी झाकलं," हे त्यांचं वाक्य.

लातूरजवळच्या मुरूडला आम्ही पहिल्या एस.टी.नं गेलो. गाडी वाड्याच्या बाहेर लिंबाखाली उभी होती. हिरवी, नीटस. मला बघताक्षणीच आवडली. अप्पांनी हात ठेवला, काढला, आणि वळून चालायला लागले. स्टँडच्या दिशेनं. ना मालकाशी शब्द, ना माझ्याशी.

मालक मागून धावत आला. "अवो अप्पा, झालं काय? पहाटं पाव्हण्यांला स्टँडवर सोडाया गेलतो. म्हणून गरम हाय ती."

"असंल," अप्पा म्हणाले. "खरं असंल."

"मग बघा की."

"खरं असंल पर मला कळावं कसं? थंड असती तर इचारायचं कामच न्हवतं." आणि पुन्हा चालायला लागले.

परतीच्या गाडीत मी तापलो होतो. म्हटलं, "अप्पा, माणूस खरं बोलत असेल तर आपण उगीच एक चांगली गाडी सोडली."

"सुटली तर सुटू दे. चांगली सुटली तर दुसरी चांगली मिळती. वाईट गळ्यात पडली तर सुटत न्हाई."

"पण हा त्याच्यावर अन्याय झाला."

"झाला," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "दुसरा टाकायला उशीर करतो हा." एस.टी.च्या ड्रायव्हरबद्दल बोलत होते. गिअरबद्दल.

चाकूरला जे झालं त्यावरून तर मी त्यांच्याशी चार दिवस बोललो नाही. तिथला एक शेतकरी गाडी काढून टाकत होता, कारण माल नाही तर गाडी काय करायची. ट्रकवरून सुट्टी काढून दादाही सोबत आला होता. बॉनेट थंड होतं. अप्पांनी विचारलं, "गाडी झोपती कुठं?" हाही त्यांचा नेहमीचा प्रश्न. मालकानं गोठ्यातली जागा दाखवली. अप्पा तिथं उकिडवे बसले आणि जमिनीवरून हात फिरवला. माती कोरडी. तेलाचा एक ओघळ नाही. मग चुंबक काढून दरवाज्यांना, मडगार्डला, खालच्या पट्टीला लावला. जागोजाग गच्च बसला. रंगाखाली पुट्टी भरलेली असली तर चुंबक धरत नाही, गळून पडतो. इथं सगळा अस्सल पत्रा. मालकानं सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात गाडी उठली. अप्पांनी पांढरा रुमाल सायलेन्सरपुढं धरला, उलटसुलट करून नाकाला लावला आणि घडी घालून ठेवला. मी दादाकडं बघितलं. मालक उतरताच दादा स्टेअरिंगवर जाऊन बसला होता आणि हात काढायला तयार नव्हता.

अप्पा मालकाजवळ गेले. म्हणाले, "लेकरा, ही इकू नको."

मालक बघतच राहिला. मीही.

"अशी गाडी तुला फिरून मिळायची न्हाई. आज माल न्हाई, उद्या पाऊस पडला की तू ह्याच गाडीसाठी रडशील. झाकून ठेव. चाकाखाली विटा लाव. पर इकू नको."

आणि त्यानं विकली नाही. अप्पांच्या पाया पडला, आम्हाला भाकरी खाऊ घातली. आता गाडी बघून झाली होती, म्हणून अप्पा पोटभर जेवले. मी भाकरी चिवडत बसलो. बाहेर आल्यावर मी विचारलं, "अप्पा, एक सांगा. तुम्ही माझ्याकडून आला होता की त्याच्याकडून?"

"मी गाडीकडून आलतो," ते म्हणाले.

दादा मात्र हसला. "म्हाताऱ्याचं चुकलं न्हाई," एवढंच म्हणाला आणि ट्रकवर निघून गेला. ट्रकच्या मालकानं त्याची अर्ध्या दिवसाची सुट्टी संपल्याचा निरोप धाडला होता.

मे महिना अर्धा गेला. मेसवाल्यानं एकदा आठवण केली. मग कळलं की नांदेडला एका दलालाकडं पिकअप आली आहे. आम्ही तिघं गेलो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी, निळाशार रंग, हौद्याच्या दोन्ही बाजूंना मोर, आत टेपरेकॉर्डर. अप्पांनी बॉनेटवर हात ठेवलाच नाही. म्हणाले, "दलालाची गाडी कायम गरमच असती. इथं हाताचा उपेग न्हाई."

दलाल गोड माणूस. त्यानं कोकमाचं सरबत आणलं, बर्फ घालून. मे महिन्यातलं नांदेड, चार तासांचा एस.टी.चा प्रवास, आणि पुढं बर्फाचं सरबत. अप्पांचे ओठ सुकून पांढरे पडले होते, तरी त्यांनी हात जोडले. दादानंही अप्पांकडं बघून नको म्हटलं. मी प्यायलो. दोन ग्लास प्यायलो. आणि मला ती गाडी आणखीच चांगली दिसायला लागली. इंजिन कसं जुळवलेलं आहे, धूर कसा नाही, हे मीच दलालाला समजावून सांगायला लागलो. ज्वलन पूर्ण झालं की धूर पांढुरका राहत नाही वगैरे.

"तोंड गोड झालं ह्याचं," अप्पा दादाला म्हणाले. "आता ह्याचं काही ऐकू नको."

त्यांनी चुंबक मोराच्या पिसाऱ्यावर लावला. टप्. खाली पडला. उचलून दुसऱ्या मोराला लावला. टप्. दरवाज्याच्या खालच्या अंगाला. टप्. दर वेळी ते वाकून उचलायचे, फडक्यानं पुसायचे आणि पुन्हा लावायचे. दलालाचं हसू प्रत्येक टप् बरोबर थोडं थोडं कमी होत गेलं. मग अप्पा खाली शिरले आणि दादाला हाक मारली. चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, एका जागी त्यांनी बोट ठेवलं होतं. "इथं दाब." दादानं खिशातल्या पान्यानं दाबलं आणि गंजाची ताटाएवढी खपली भसकन खाली आली.

"पाण्याची टाकी होती हिच्यावर," अप्पा बाहेर येऊन धोतर झटकत म्हणाले. "दोन वर्षं पाणी वाहून राहिली ही. टाकी गळती, पाणी चेसीवर, रोजच्या रोज."

दलाल म्हणाला, "अप्पा, मिस्त्रीनं पास केलीय."

"मिस्त्रीनं इंजिन बघितलं. इंजिन चांगलंच हाय. पर माणसाचं काळीज चांगलं आन् पाय मोडके, तर त्याला माहूरच्या डोंगरावर कसं न्यावं?"

दुष्काळात माणसं पाण्यावाचून हैराण झाली आणि गाड्या पाण्यानं कुजल्या. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लोखंड, पाणी आणि हवा मिळून काय होतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

आम्ही परतीच्या एस.टी.त बसलो. जून बारा-तेरा दिवसांवर आला होता. लोहा गाव मागं पडल्यावर अप्पा एकदम म्हणाले, "सोमवारी सकाळी माझी बघ."

"तुमची काय?"

"गाडी."

अप्पांची माहूरवाली पिकअप परसात लिंबाखाली उभी असे. राखाडी रंगाची, की राख बसलेली, ते कळत नसे. कुणी विकता का विचारलं की अप्पा बोटांवर मोजत तिचे अकरा दोष सांगायचे. डाव्या दाराला कडी नाही, दोरी आहे. हॉर्न पावसाळ्यात वाजत नाही. मागच्या स्प्रिंगचा पाटा एकदा जोडलेला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये भुणभुण करते. असं अकरापर्यंत. लग्नात नवरीचे गुण सांगावेत तसे ते दोष सांगायचे, आणि गिऱ्हाईक पाचव्या-सहाव्यालाच उठायचं. दर सोमवारी पूजा झाली की ते तिला सुरू करत, थोडा वेळ ऐकत आणि बंद करत. रस्त्यावर नेत नसत. का नेत नाहीत, हे मी दोन वर्षांत विचारलं नव्हतं.

"पर नियमानं बघ," अप्पा म्हणाले. "माझी म्हणून सूट न्हाई."

नियमानं म्हणजे किती नियमानं, ते घरी पोचल्यावर कळलं. अप्पांच्या परसातल्या आडाला त्या उन्हाळ्यातही पाणी होतं, आणि भाडेकरू म्हणून दोन घागरी माझ्या होत्या. शुक्रवारी सकाळी घागर घेऊन गेलो तर आक्का आडाच्या कठड्याला टेकून उभ्या. तोंडाला पदर लावून हसत म्हणाल्या, "तुला पाणी देऊ नको म्हणलेत. सोमवारपातुर."

"आक्का, गाडीसाठी?"

"चहाबी न्हाई. ह्या माणसासंगं म्या जन्म काढला, तुला तीन दिवस जड व्हायलेत व्हय?"

तीन दिवस मी, बी.एस्सी., गल्लीच्या तोंडाशी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलो. बायका विचारायच्या, "का ओ, अप्पांचा आड आटला का?" मी म्हणायचो, "न्हाई, मी त्यांची गाडी घेऊन राहिलो." यातून कुणाला काय उमगलं असेल ते असो.

सोमवारी झुंजुमुंजू होताच मी परसात गेलो. अप्पा आधीच उठलेले. कपाळावर विभूतीचे ओले पट्टे, अंगात बंडी, लिंबाच्या खोडाला पाठ लावून उभे. मी त्यांच्याकडूनच शिकल्याप्रमाणं काही न बोलता गाडीकडं गेलो आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

गरम होतं.

कोमट नाही, गरम. मी हात काढला नाही. अप्पांकडं बघितलं. ते लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते, तिथं काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखे. नियमाप्रमाणं मी वळून चालायला लागायला पाहिजे होतं. मुरूडचा तो मालक मागून धावत आला होता, ते मला आठवलं. अप्पा धावत येणार नव्हते. ते तिथंच उभे राहिले असते, आणि मग आम्ही दोघं एकाच परसात, एकाच आडावर, जन्मभर एकमेकांकडं न बघता पाणी काढत राहिलो असतो.

मी ओट्यावर जाऊन बसलो आणि आत हाक मारली. "आक्का, चहा टाका."

अप्पांची नजर शेंड्यावरून खाली आली. "बघायच्या आधी?"

"हाव. थंड व्हायला दोन-तीन तास तरी लागतील. तवर काय उपाशी बसू?"

ते हळूहळू येऊन माझ्याशेजारी टेकले. आक्कांनी चहा आणला, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि आत गेल्या. आम्ही चहा बशीत ओतून फुंकायला लागलो.

"मागल्या दोन सोमवारी लवकर उठंना ती," अप्पा म्हणाले. "तू हात लावशील, सेल्फ मारशील, आन् माझ्यादेखत ती नुसती खोकत बसंल. लाज वाटली मला."

"अकरा दोष सगळ्या गावाला सांगता. तेव्हा लाज वाटत नाही?"

"ते म्या सांगितलेले. हा तिनं सांगितला असता."

मग त्यांनी दुसरंही सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चार वर्षं झाली, त्यांना रस्ता धड दिसत नव्हता, म्हणून गाडी परसात. गाड्या बघायला जात ते तळहातावर, चुंबकावर, नाकावर आणि कानावर. चाकूरच्या गोठ्यात तेलाचा डाग नव्हता हे त्यांनी बघितलं नव्हतं, चाचपलं होतं. दोन वर्षं मी त्यांच्या घरात राहत होतो, प्रकाशाच्या वक्रीभवनाची गणितं सोडवून पास झालो होतो, आणि समोरच्या माणसाला दिसत नाही हे मला दिसलं नव्हतं.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा दादा आला, ट्रक कुठंतरी लावून. आम्हाला बशा घेऊन बसलेले बघून म्हणाला, "झालं का बघून?"

"थंड व्हायचीय," मी म्हटलं.

दादानं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा अप्पांकडं. तो माझ्यापेक्षा शहाणा आहे. काही न विचारता तोही बसला आणि त्यानंही चहा मागितला.

साडेनऊच्या सुमाराला अप्पांनीच उठून हात ठेवला आणि मला म्हणाले, "आता ठेव." मी ठेवला. थंड होतं. मग सगळं रीतसर झालं. चुंबक मी लावला. कुठंही पडला नाही. दादा खाली शिरला; चेसी वाजवली, ठणठणीत. मग तो स्टेअरिंगवर बसला. पहिल्या सेल्फला गाडी नुसती कण्हली. दुसऱ्याला खोकली. तिसऱ्याला काळ्या धुराचा एक लोट काढून गप्प झाली. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. चौथ्याला ती उठली, आणि उठली ती अशी, की आतून आक्कांनी भांड्याचा आवाज थांबवला. दादानं पाच मिनिटं ऐकलं. म्हणाला, "डिझेलचं नोझल साफ करावं लागंल. बाकी गाडी लाख मोलाची हाय."

"बारावा दोष," अप्पा म्हणाले. "सकाळी तीनदा बोलवावं लागतं, चौथ्यांदा येती. लिहून घे, बीयस्सी."

किंमत त्यांनी सांगितली, मी लगेच हो म्हटलं, त्यावरून रागावले. घासाघीस न करता घेतलेली गाडी अंगी लागत नाही म्हणे. मग आम्ही दोघांनी रिवाज म्हणून थोडी घासाघीस केली, आक्का दारात उभ्या राहून हसत होत्या, आणि अप्पांनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून नारळ फोडला. पहिल्या जूनला गाडी मेसच्या दारात उभी होती. 'ए ड्रायव्हर' म्हणणाऱ्या मालकाच्या ट्रकची किल्ली दादा आदल्या दिवशी परत करून आला होता.

ती गाडी आमच्याकडं बरीच वर्षं राहिली. नांदेडहून कोबी, वांगी, केळी, जे मिळेल ते. दादा संध्याकाळी परसात गाडी लावायचा, कारण तिची झोपायची जागा बदलू नये असं अप्पांचं म्हणणं होतं. मग अप्पा चाचपडत यायचे, बॉनेटवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "दमली आज." किंवा, "आज निवांत आली दिसती." कधी चुकले नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी पुढं करून घेतलं. हिरवी पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा गाडी बघितली, आणि म्हणाले, "एवढं कशानं बिघडवलं रे हिचं तोंड?" तोवर मी तिला लाल रंग दिला होता.

अप्पा आता नाहीत. चुंबक आक्कांनी शिवणाच्या डब्यात ठेवला होता, सांडलेल्या सुया गोळा करायला. मी मागितला नाही. तो तिथंही कामच करत होता.

गाडी अखेर विकायला काढली तेव्हा दादाच्या दोन नव्या गाड्या झाल्या होत्या. उदगीरकडचा एक तरुण शेतकरी सकाळी लवकर बघायला येणार होता. त्या पहाटे मला आपोआप जाग आली. किल्ली घेऊन परसात गेलो, दोरी सोडून डावं दार उघडलं आणि सरकत स्टेअरिंगमागं जाऊन बसलो. हवेत गारवा होता; अशा सकाळी ती चौथ्यांदासुद्धा उठत नसे. एकदा सुरू करून दहा मिनिटं फिरवली असती तर कुणाला काय कळणार होतं? बराच वेळ तसाच बसलो. मग किल्ली खिशात टाकली आणि उतरलो. तिचे बारा दोष मी कागदावर लिहून ठेवले होते, ते पुन्हा एकदा वाचून घेतले.

गाडी थंडच राहू दिली. बायकोला मात्र सांगितलं, तो पोरगा आला की गाडीकडं जाऊ देण्याआधी त्याला चहा दे.